मुकुंदचं पथ्य

“एक घास तरी घ्या, मुकुंदभाई. सगळं नव्या भांड्यात केलंय. ताटपण नवीन आहे.”

अमिनाने ताट पुढे सरकवलं. ताटात मोकळा पांढरा भात होता, घडी घातलेल्या पोळ्या होत्या आणि वाटीत बघारे बैंगन. दाट तपकिरी रस्सा, वर तेलाचा तवंग, आणि त्यात देठासकट बुडालेली लहान लहान वांगी. बाहेर मांडवात अमिनाच्या मुलीच्या, आमरीनच्या, होणाऱ्या सासरची माणसं साखरपुड्याचं जेवत होती. त्यांचा स्वयंपाक आचाऱ्याने केला होता. हे मात्र अमिनाने पहाटे उठून, घरात मटण यायच्या आधी, एकट्या मुकुंदसाठी केलं होतं.

मुकुंदच्या नाकात तो भाजलेला वास शिरला आणि तो नकळत खुर्चीत मागे सरकला.

“माफ करा भाभी. माझं पथ्य आहे.”

“वांग्याचं?”

“नाही, म्हणजे… बाहेरच्या खाण्याचंच.”

‘बाहेरच्या’ हा शब्द तोंडातून गेला आणि कसा ऐकू गेला असेल ते त्याला लगेच कळलं. पण आता काय बोलणार? अमिना हसली. “हां हां, ठीक आहे ना, पथ्य म्हणजे पथ्य,” असं म्हणत तिने ताट उचललं, त्यावर ओढणीचं टोक टाकलं आणि ती आत गेली. दारात तिचा नवरा कमरोद्दीन उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. त्याने मुकुंदला पाण्याची सीलबंद बाटली आणून दिली आणि म्हणाला, “हे तर चालतं ना?”

मुकुंद बाटलीतलं पाणी प्यायला, आमरीनच्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं आणि रोशनगेटवरून गारखेड्याला घरी येऊन जेवला.

मुकुंद आणि कमरोद्दीन इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करत. क्रांती चौकाजवळच्या एका फर्ममध्ये दोघं तरुणपणी लागले आणि तिथंच त्यांचे केस पिकले. कधी किराणा दुकान, कधी कापसाचं जिनिंग, कधी एखादा कारखाना, जिथला काटा बिघडेल तिथं दोघांनी एका मोटारसायकलवर जायचं. मागे बसणाऱ्याच्या मांडीवर लोखंडी हत्यारपेटी आणि प्रमाण वजनांची पिशवी. कमरोद्दीन बोलका, मुकुंद अबोल. इतक्या वर्षांत दोघांच्या बोलण्यात ‘तू’ कधी आलं नाही. एक मुकुंदराव आणि एक कमरूभाई. पण कमरोद्दीनचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा सही मुकुंदने केली होती, आणि मुकुंदच्या आईला खांदा द्यायला कमरोद्दीन पुढे होता.

आमरीनच्या साखरपुड्यानंतर भांडण असं काही झालं नाही. एकच गोष्ट बदलली. पूर्वी दुपारी दोघं शेजारी बसून आपापला डबा खात. आता जेवायची वेळ झाली की कमरोद्दीन म्हणे, “तुम्ही बसा आरामात, मुकुंदराव,” आणि डबा घेऊन झाडाच्या पलीकडे, भिंतीच्या आडोशाला, कुठंही दूर जाऊन बसे. मुकुंदला ते दिसे. थांबवावंसं वाटे. पण मग सांगावं लागलं असतं, आणि ते सांगणं त्याने शाळेत असतानाच सोडून दिलं होतं.

तो उन्हाळा भलताच कडक निघाला. बिडकीनजवळच्या एका कारखान्यातला मोठा प्लॅटफॉर्मचा काटा वजन कमी दाखवत होता. सकाळी गेलेले दोघं भर दुपारी बाहेर आले. रस्त्याच्या कडेला एक जुनं कडुलिंबाचं झाड होतं आणि त्याच्या अलीकडे एक टपरी. मुकुंदने डबा उघडला तर वरणाला आंबूस वास सुटला होता, भाजीही चिकट झाली होती. सकाळपासून डबा गाडीला, उन्हात लटकत होता.

“माझ्यातलं…” असं म्हणता म्हणता कमरोद्दीन थांबला. “नाय, तुमचं पथ्य. टपरीवर बघा काही पॅकबंद भेटतं का.” आणि तो आपला डबा घेऊन झाडाच्या पलीकडे गेला.

टपरीवर बिस्किटं होती आणि राजगिऱ्याच्या वडीची पाकिटं होती. मुकुंदने चष्मा कपाळावर चढवला, पाकीट नाकाजवळ धरलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. राजगिरा, गूळ, तूप, वेलची. ही वडी त्याने आधीही खाल्ली होती. तरी पाकीट उलटंपालटं करून त्याने ते पुन्हा वाचलं. दुसरं काही छापलेलं नव्हतं. टपरीवाला कडुबा म्हणाला, “काका, एक्स्पायरी नाय झाली, कालच माल आलाय.”

“ते नाही बघत,” मुकुंद म्हणाला.

अर्धी वडी खाऊन होते न होते तोच जिभेच्या टोकाला मुंग्या आल्या. ही खूण त्याला ओळखीची होती. त्याने तोंडातला घास थुंकला, चूळ भरली, बोट घालून उलटी काढायचा प्रयत्न केला. तोवर तळवे खाजायला लागले, ओठ जड झाले, कानात घूं घूं आवाज सुरू झाला. तो झाडाच्या बुंध्याला टेकून खाली बसला. “कमरूभाई,” त्याने हाक मारली. पण घशातून नुसती घरघर आली. झाडाच्या पलीकडून डब्याचं झाकण लावल्याचा आवाज येत होता. एवढ्या जवळ माणूस, आणि त्याला ऐकू जात नव्हतं. कडुबाही टपरीच्या आत फटफटीवरच्या गिऱ्हाइकाशी बोलत होता.

मुकुंदने हत्यारपेटी जवळ ओढली, पिशवीतलं हाताला लागलं ते वजन काढलं आणि पेटीच्या पत्र्यावर मारलं. पुन्हा मारलं. मारतच राहिला.

“काय हो, काय ठोकताय?” म्हणत कमरोद्दीन आला आणि जागीच थिजला. मुकुंदचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. मानेवर लाल गांधी उठल्या होत्या.

“या अल्ला! साप चावला का? मुकुंदराव! छातीत दुखतंय?”

मुकुंदने मान हलवली आणि सगळी ताकद लावून एक शब्द काढला. “दाणे.”

“काय? काय दाणे?”

“दाणे… शेंग…”

कमरोद्दीनला अर्थ लागला नाही, पण तो थांबलाही नाही. भाजीचा एक रिकामा टेम्पो बिडकीनकडे चालला होता. कमरोद्दीन रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. कडुबाने पाय धरले, कमरोद्दीनने काखेत हात घातला आणि मुकुंदला टेम्पोत गोणपाटावर निजवलं. वाटेत मुकुंदचं डोकं मांडीवर घेऊन कमरोद्दीन ओरडत होता, “मुकुंद, डोळे उघड. झोपू नको, ऐकतोयस ना? ए मुकुंद, इकडं बघ माझ्याकडं!”

बिडकीनला पहिला जो दवाखाना लागला तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मुकुंदकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “काय खाल्लं यांनी?”

“राजगिरा. उपासाची वडी. बाकी काही नाय. पण मघापासून दाणे दाणे बोलतोय. मला काय कळंना झालंय.”

“शेंगदाणे?”

“तसंच काहीतरी.”

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. मांडीत इंजेक्शन दिलं, पाय उंच केले, ऑक्सिजन लावला. कमरोद्दीन कोपऱ्यात हात बांधून उभा होता. थोड्या वेळाने घरघर कमी झाली. मुकुंदच्या छातीचा भाता जरा सावकाश हलू लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, “बरं झालं तो शब्द तुम्ही सांगितलात. आता शहरात मोठ्या दवाखान्यात न्या. हे पुन्हा उलटू शकतं, लक्ष ठेवावं लागेल.”

संध्याकाळी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये कमरोद्दीन आणि मुकुंदची बायको मीनाक्षी बाकावर बसले होते. आत मुकुंद झोपला होता. कमरोद्दीनच्या शर्टावर गोणपाटाची धूळ तशीच होती.

“वहिनी, एक विचारू? दाण्यानं असं होतंय त्याला?”

“लहानपणापासून. एक कण पोटात गेला तरी.”

“पण वडीत दाणे नव्हते. त्याने वाचलं, टपरीवाला सांगत होता ना. लई वेळ वाचत होता.”

“तो सगळंच वाचतो. बिस्किट, मसाला, टूथपेस्टसुद्धा. पण वडीत नसले तरी कढईत असतील, हातात असतील. ते कुठं छापतात?” मीनाक्षीने डोळे पुसले. “आमच्या घरात शेंगदाणा येतच नाही. आणि इथं तर कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट, खिचडीत कूट. म्हणून तो कुणाकडं जेवत नाही. माझ्या माहेरी नाही. स्वतःच्या लग्नात जेवला नाही. माझे वडील, तात्यासाहेब, त्यांना वाटलं जावई रुसला. वर्षभर बोलले नव्हते.”

कमरोद्दीन हळूहळू ताठ बसला. “कुणाकडंच नाय?”

“कुणाकडंच.”

तो उठला, कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीपाशी गेला आणि त्याने घरी फोन लावला.

“अमिना, बघारे बैंगनमें क्या क्या डालते?”

“हौला हो गया क्या? मुकुंदभाई कैसे हैं पहले वो बोलो.”

“ठीक हैं अब. तू बता ना.”

“मूंगफली भूनके पीसते, तिल, खोपरा, इमली… क्यूं?”

कमरोद्दीनने डोळे मिटले. “उस दिन उनो खा लेते तो मर जाते थे, अमिना. हमारे घरमें, हमारे दस्तरखानपे.”

त्याने फोन खिशात ठेवला.

तो परत बाकावर येऊन बसला. मीनाक्षीने त्याच्याकडे पाहिलं. “तुम्हाला वाटलं असेल, शिवाशिव पाळतो.”

कमरोद्दीनने होकाराची मान हलवली. नाही म्हणणं खोटं झालं असतं.

“मी त्याला म्हटलं होतं, कमरूभाईंना तरी सांग. शाळेत असताना पैठणला बोर्डिंगात होता. तिथं सांगितलं होतं त्याने. तर पोरांनी खरं का खोटं बघायला आमटीत कूट टाकला. तो गडाबडा लोळत होता आणि मास्तर म्हणत होते, नाटकं करतो. तेव्हापासून सांगत नाही. सांगितलं की लोक करून बघतात, म्हणतो.”

“मी बघितलं असतं का करून?” कमरोद्दीनचा आवाज चढला. शेजारच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं. “एवढी वर्षं एका गाडीवर बसतो आम्ही. माझ्या बायकोचं तोंड उतरलेलं दिसलं होतं ना त्याला? तेव्हा तरी बोलायचं!”

“हो,” मीनाक्षी म्हणाली. “बोलायला पाहिजे होतं.” तिने नवऱ्याची बाजू घेतली नाही. त्यामुळे कमरोद्दीनचा राग आला तसा गेला आणि तो तिच्यासाठी चहा आणायला उठला. चार पावलं जाऊन परत फिरला. “वहिनी, चहा चालतो ना तुम्हाला? का त्यात पण काही…”

मीनाक्षीला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं.

दुसऱ्या दिवशी कमरोद्दीन कामावर न जाता चिकलठाण्याकडे गेला. टपरीपाशी पडलेलं वडीचं पाकीट त्याने कडुबाकडून मागवून घेतलं होतं. त्यावर पत्ता होता. पत्र्याच्या शेडमध्ये लहानसा कारखाना निघाला. सात-आठ बायका डोक्याला टोप्या घालून बसल्या होत्या, आणि मालकीण चारुता, तिशीतली मुलगी, स्वतः पाकिटं खोक्यात भरत होती. कमरोद्दीनने झालं ते सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

“काका, आम्ही राजगिऱ्यात दाणे घालतच नाही. तुम्ही विचारा कुणालाही.”

“मी कुठं म्हणतो घालता?”

“मग केस करणार का? मी कर्ज काढून… या सगळ्यांची घरं आहेत यावर.”

“केस नाय, काही नाय. बेटा, माझ्या दोस्ताला कशानं झालं तेवढं बघायचंय.”

चारुता त्याला आत घेऊन गेली. स्टीलचं टेबल चकचकीत होतं. लाटणी धुऊन उभी ठेवली होती. तिथं बसलेली एक बाई म्हणाली, “आमचं लई साफ काम असतं, दादा. सकाळी चिक्की होती, मग सगळं पुसून घेतो आन् मंग राजगिरा.”

“चिक्की कशाची?” कमरोद्दीनने विचारलं.

“शेंगदाण्याची. तीच जास्ती खपती.”

“पण पुसतो ना आम्ही,” चारुता घाईने म्हणाली. “हे बघा, काटासुद्धा पुसतो.” किती स्वच्छ आहे ते दाखवायला तिने वजनकाट्याची थाळी उचलली.

थाळीखाली, काट्याच्या कडेच्या खाचेत, दाण्यांची तांबडी सालपटं अडकली होती. थोडा कूट होता, तुपाने चिकटून बसलेला.

थाळी चारुताच्या हातातच होती. मग ती अगदी हळू म्हणाली, “माझ्या भाचीला दुधाचं आहे असं. ताई तिला जपते तर आम्ही ताईला हसायचो.”

“कुणीच करत नाय हे मुद्दाम,” कमरोद्दीन म्हणाला.

“मी काय करू, सांगा? दुसरी शेड घ्यायची ऐपत नाही. चिक्की बंद केली तर हे चालणार नाही.”

“जे आहे ते लिहा पाकिटावर. इथं दाण्याचं काम होतं, एवढंच. माझा दोस्त वाचतो, हो. समोर छापलं तेवढं सगळं वाचतो तो. तुम्ही लिहिलं असतं तर त्यानं ते पाकीट खाली ठेवलं असतं.”

“दुकानदार म्हणतील, माल खराब आहे म्हणून लिहिलंय. मग कोण घेईल?”

“ते मला नाय सांगता यायचं,” कमरोद्दीन म्हणाला. तो निघताना चारुताने त्याला फाटकापर्यंत सोडलं. तयार माल उद्या जायचा होता. तो तिने थांबवायला सांगितला. “आधी चिकटपट्टी छापून घेते,” ती म्हणाली. “जुनी पाकिटं वाया घालवता यायची नाहीत. पण पट्टी लावून देईन.” मग जरा थांबून म्हणाली, “त्यांना सांगा… काय सांगाल?”

“सांगतो मी बरोबर,” कमरोद्दीन म्हणाला.

रविवारी सकाळी तो गारखेड्याला आला. मुकुंद घरी आला होता. सूज उतरली होती, पण चेहरा निस्तेज होता आणि आवाज बसलेला. गॅलरीतल्या खुर्चीवर बसून त्याने सगळं ऐकून घेतलं, काट्याची थाळी, सालपटं, पट्टी, सगळं.

“म्हणजे लिहिणार ती?”

“म्हणाली तर तसंच.”

“मग ती वडीपण गेली माझी,” मुकुंद म्हणाला आणि हसला. “प्रवासात तेवढं एकच गोड होतं बघा.”

“बघा काय? टेम्पोत मी तुला अरे-तुरे केलंय, आता मागं नाय जायचं.”

“बरं. बघ.”

खालच्या रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी हळूहळू पुढे सरकत होती. मुकुंदने दोनदा घसा साफ केला. शेवटी म्हणाला, “कमरूभाई, भाभीला मी त्या दिवशी… शब्द चुकीचा गेला. नंतर रोज वाटायचं सांगावं. मग वाटायचं, आता इतके दिवस गेले, आता सांगितलं तर बहाणा वाटेल. कशा आहेत त्या?”

“खाली उभी आहे.”

“खाली? म्हणजे?”

“फाटकापाशी. वर चल म्हटलं तर येत नाय. आधी विचारून ये म्हणाली.”

मीनाक्षी दारातून ऐकत होती. ती चप्पल न घालताच जिना उतरली. मुकुंद गॅलरीच्या कठड्याला धरून उभा राहिला. खाली फाटकाच्या बाहेर, उन्हात, अमिना उभी होती. मीनाक्षी काहीतरी म्हणत होती आणि अमिना मान हलवत होती. मग मीनाक्षीने तिचा हात धरला आणि दोघी जिन्याकडे वळल्या.

पण उंबऱ्यापाशी आल्यावर अमिना पुन्हा थांबली. मुकुंद आतून दारापर्यंत आला होता.

“मुकुंदभाई, सकाळी घरात दाणे भाजले होते,” ती म्हणाली. “आमच्या बहूला ठाऊक नव्हतं. मी अंघोळ केली परत. कपडे बदलले. हात साबणानं धुतले, नखं पण कापली. तरी भीती वाटतेय. आत आले तर चालंल का?”

मुकुंदने बाजूला होऊन दार पुरतं उघडलं.

अमिना आत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. बरोबर डबा नव्हता, पिशवी नव्हती, फळंसुद्धा नव्हती. आजाऱ्याला भेटायला ती आयुष्यात कधी अशी आली नसावी. हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. ओढणी सारखी करावी, बांगड्या मागे साराव्यात, असं करत शेवटी तिने ते दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. घासून घासून धुतलेले, तळव्यांना लाल झालेले.

“काहीच नाय आणलं मी,” ती म्हणाली. “हिंमतच नाय झाली.”

मुकुंदने आपली खुर्ची उचलली आणि तिच्या खुर्चीशेजारी आणून ठेवली.